५०० ब्रॉयलरची तिसरी बॅच: खाद्य कधी बदललं, कुठे फसलो

आधी थोडं सांगतो. सासवडच्या पुढे गाव आहे, घरामागे २० बाय ३० चं शेड. मी हडपसरला कंपनीत शिफ्टला, रोज दिवेघाट उतरायचा आणि चढायचा, त्यामुळे दिवसभर शेड बायको बघते आणि रात्रीचं माझ्याकडे. इंटिग्रेशनवाल्यांबरोबर (पिल्लं आणि खाद्य देणाऱ्या कंपन्या) नाही, पिल्लं आपली, खाद्य आपलं, नफा तोटा पण आपलाच. पहिल्या दोन बॅचला पोत्यावर लिहिलेले दिवस बघून खाद्य बदललं. पहिलीला एफसीआर १.९ आला, दुसरीला १.८४, म्हणजे एक किलो कोंबडीला जवळजवळ दोन किलो खाद्य घातलं. ह्यावेळी ठरवलं की आठवड्याला वजन करायचं आणि खाद्य त्यावर बदलायचं, आणि सगळं लिहून ठेवायचं. कोणी पाचशेची बॅच करणार असेल तर उपयोग होईल. धुळवड २५ मार्चला होती, त्याआधी माल काढायचा हे टार्गेट.

१४ फेब्रुवारी २०२४, दिवस ०

पिल्लं आली दुपारी ४ ला. ५०० सांगितली होती, दोन टक्के जादा धरून ५१०. ३२ रुपयाने पडली. ५० पिल्लं क्रेटमध्ये टाकून वजन केलं, सरासरी ४१ ग्रॅम. पहिले दोन तास गुळाचं पाणी, मग तुसावर पेपर अंथरून त्यावर प्री-स्टार्टरचा (सुरुवातीचं खाद्य, मग स्टार्टर आणि शेवटी फिनिशर) चुरा पसरला.

रात्री ९ ला २० पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपली, डॉक्टर तिला क्रॉप म्हणतात. भरलेली आणि मऊ लागली पाहिजे, म्हणजे पिल्लाने खाल्लं पण आणि पाणी पण प्यालं. २० पैकी १३ च भरलेल्या. बाकी ७ रिकाम्या, पिल्लं ब्रूडरखाली (ऊब द्यायची शेगडी) एकावर एक चढून बसलेली. थर्मामीटर ३२ दाखवत होता म्हणून मी निवांत होतो. नंतर लक्षात आलं की थर्मामीटर मी माझ्या छातीच्या उंचीला लटकवलाय, पिल्लू बसतं जमिनीवर. खाली पिल्लाच्या उंचीला धरला तर २७! फेब्रुवारीत आमच्याकडे दिवसा ३२-३३ आणि पहाटे चांगलीच थंडी. गॅस ब्रूडर खाली घेतला, चिक गार्डचा, म्हणजे पिल्लांभोवतीच्या कुंपणाचा, गोल लहान केला, वाऱ्याच्या बाजूला दुसरा पडदा लावला. रात्री २ ला पिल्लं पसरली आणि खायला लागली. पण सात-आठ तास गेले ते गेलेच.

१५ फेब्रुवारी, दिवस १

गुरुवार, म्हणजे लाईट जाणार, गेली. दिवसा होती म्हणून चाललं. सकाळी परत २० तपासली, १९ भरलेली. ३ मेली.

२१ फेब्रुवारी, दिवस ७

वजन: ५० पक्षी, सरासरी १५८ ग्रॅम. सातव्या दिवशी पिल्लू आल्या वजनाच्या चार ते साडेचार पट पाहिजे, म्हणजे मला १६४ ते १८५ मिळायला हवं होतं. चार पट सुद्धा नाही. खाद्य गेलं ६८ किलो. शिल्लक ५०५.

हे पहिल्या रात्रीचं आहे, दुसरं काही सापडत नाही. पिल्लू पहिल्या दिवशी उपाशी राहिलं की पुढे आठवडाभर मागे राहतं हे वाचलं होतं, आता वजनकाट्यावर बघितलं.

आता प्रश्न असा की पोत्यावर लिहिलंय प्री-स्टार्टर १० दिवस. मागच्या दोन्ही वेळी मी अकराव्या दिवशी सकाळी स्टार्टर चालू केलं होतं. पण ह्यावेळी दहाव्या दिवशी माझा पक्षी दहा दिवसाचा नसणारच, असेल आठ-साडेआठ दिवसाचा. मग हिशोब केला. प्री-स्टार्टर मला ४३ रुपये किलो पडलं, स्टार्टर ४१. चार दिवस जास्त चालवलं तर दिवसाला २५ किलो धरून १०० किलो, फरक २०० रुपये. दोनशे रुपये! एवढ्यासाठी मी दोन बॅच घाई करत होतो. प्री-स्टार्टर चौदा दिवसापर्यंत चालवणार.

२५ फेब्रुवारी, दिवस ११

काल बायकोने एक गोष्ट पकडली, मला दोन बॅचमध्ये दिसली नाही. म्हणाली की फीडरखालचा तूस एवढा पिवळा का दिसतो. चुरा सांडतोय. एका फीडरखाली खताची मोकळी पिशवी कापून अंथरली आणि २४ तास तशीच ठेवली. सांडलेलं चाळून मोजलं, १८० ग्रॅम. असे १२ फीडर, म्हणजे दिवसाला दोन किलोच्या वर तुसात. साधारण ९० रुपये रोज, आणि हे लहान असताना, मोठा पक्षी अजून जास्त उडवतो.

कारण दोन. मी सकाळी ड्युटीला जायच्या आधी फीडर गच्च भरून जायचो म्हणजे संध्याकाळपर्यंत बघायला नको. आणि फीडर पहिल्या दिवसापासून त्याच उंचीला. आता एक तृतीयांशच भरायचा, दिवसातून चार वेळा, आणि फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या लेव्हलला. दोऱ्यांना गाठी मारून ठेवल्यात, दर तीन दिवसाला एक गाठ वर. बायकोचं काम वाढलं आणि तिने ते मला स्पष्ट शब्दात सांगितलं.

२६ फेब्रुवारी, दिवस १२

पिशवी परत अंथरली होती, ४० ग्रॅम निघालं. चालतंय. आज गंबोरो रोगाची लस पाण्यातून दिली, दूध पावडर टाकून. लसीच्या दिवशी खाणं थोडं कमी होतंच, म्हणून खाद्याची बदलाबदली आज नको, उद्यापासून.

२८ फेब्रुवारी, दिवस १४

वजन सरासरी ४०२. सगळ्यात हलका ३१०, भारी ४७०. हा फरक मला आवडला नाही पण आहे तो आहे. आजपर्यंत २५० किलो खाद्य गेलं, ५०३ पक्षी.

काल ३ भाग प्री-स्टार्टर १ भाग स्टार्टर, आज अर्धं अर्धं, उद्या १ ला ३. मागच्या बॅचला एका सकाळी एकदम बदललं तेव्हा अर्धे पक्षी फीडरजवळ नुसते बसून होते, दाणा चोचीत घ्यायचे आणि टाकायचे, आणि दोन दिवस विष्ठा पातळ. ह्यावेळी कोणाला कळलं पण नाही. मिसळायला एका जुन्या घमेल्याचं माप केलंय, काटा लागत नाही.

२ मार्च, दिवस १७

इथे दोन दिवस वाया घालवले, म्हणून सविस्तर लिहितो.

२९ ला संध्याकाळी शेडमध्ये शिरलो की डोळे चुरचुरायला लागले, अमोनियाचा वास, एका बाजूचा तूस ओला. मला वाटलं स्टार्टर लागलं नाही, मीठ जास्त असेल, पोत्याचा लॉट खराब असेल. दुकानदाराला फोन करून बोललो पण. एक दिवस परत प्री-स्टार्टर घातलं, उरलंसुरलं होतं ते. काही फरक नाही.

मग काल डॉक्टरांना फोन केला. त्यांनी खाद्याचं काही विचारलंच नाही, पहिला प्रश्न, "पाणी किती जातंय?" मला माहीत नव्हतं. टाकीच आहे ना, संपली की भरायची. ते म्हणाले की एवढ्या हवेत पक्षी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो, तुझं खाद्य ३७-३८ किलो जात असेल तर पाणी ७५ लिटरच्या आसपास पाहिजे, मोज. २०० लिटरच्या टाकीला खडूने खुणा केल्या आणि मोजलं तर दिवसाला १२० लिटर. मग शेडच्या त्या बाजूच्या बेल ड्रिंकरला (पाण्याची टांगती भांडी) हात लावून बघितले, दोघांचे व्हॉल्व्ह गळत होते. धार नाही, थेंब थेंब, दिवस रात्र. वॉशर १५ रुपयाचे, दोन. ओला तूस काढून फेकला, कोरडा टाकला, थोडा चुना मारून उलटा पालटा केला.

दुकानदाराला परत फोन करून सॉरी म्हणालो. टाकीवरच्या खुणा तशाच ठेवल्यात आणि आता रोज सकाळी पाण्याचा आकडा लिहितो. पाणी अचानक कमी झालं तर दुसऱ्या दिवशी खाद्य कमी होणार हे पुढे दोनदा बघितलं, म्हणजे आजार असो काही असो आधी पाण्यात कळतं.

६ मार्च, दिवस २१

वजन ८३५, एकूण खाद्य ५७०, पक्षी ५०१. एफसीआर १.३६. अजून पण नऊशेच्या खाली आहे पण पहिल्या आठवड्याचा बॅकलॉग बऱ्यापैकी भरून निघतोय. लासोटाचा (राणीखेत रोगाची लस) बूस्टर झाला. उद्यापासून तीन दिवस स्टार्टर आणि फिनिशर मिसळून, तीच घमेल्याची पद्धत. फिनिशर पेलेट (दाबून केलेले दाणे) आहे, चुरा नाही, त्यामुळे जास्तच सावकाश.

८ मार्च, दिवस २३

महाशिवरात्र. भुलेश्वरला जाऊन आलो, सकाळचं खाद्य तात्यांनी घातलं. तात्या म्हणजे माझे चुलते, सगळी हयात शेतीत गेली. पेलेट हातात घेऊन म्हणाले, "अरे हे चाळीस रुपये किलो? ह्यात निम्मा मकाच असतो की. घरात सहा क्विंटल मका पडलाय, भरडून घाल."

तात्यांना नाही म्हणता येत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे मला पण पटलं. फिनिशर ४०, घरचा मका बाजारभावाने २१ आणि गिरणीचे २, म्हणजे २३. तीस टक्के मिसळला तर किलोमागे पाच रुपये वाचतात. वहीच्या मागच्या पानावर मी हजार किलोला किती वाचले ते पण काढून ठेवलं, ते पान आता बघवत नाही.

१० मार्च, दिवस २५

आजपासून ७० फिनिशर, ३० मका भरडा. पक्षी तुटून पडले. चांगलं वाटलं.

१३ मार्च, दिवस २८

वजन १२६५. आठवड्यात ४३० ग्रॅमच वाढ, दिवसाला ६१. ह्या वयात ७५-८० पाहिजे. आणि खाद्य मात्र कमी झालेलं नाही, आठवड्यात ४०० किलो गेलं. खातायत पण आणि वाढत नाहीयेत.

आधी उन्हावर ढकललं, दुपारी ३५ ला जातंय. पण मग अजून दोन गोष्टी दिसल्या. एक, चार-पाच पक्ष्यांच्या शेपटीजवळची पिसं उपटलेली, एकमेकांना टोचतायत. दुसरी, फीडरच्या तळाला मक्याचं पीठ साचलंय. दांडगे पक्षी वरून पेलेट वेचून खातात आणि बारक्यांच्या वाट्याला पीठ. म्हणजे ३१० आणि ४७० वाला फरक मी स्वतःच वाढवत होतो.

डॉक्टरांना सांगितलं तर पहिले दहा सेकंद काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लेबल वाच. प्रोटीन किती?" १९ टक्के. मक्यात ९ च्या आसपास. ७० भाग एकोणीसचे, ३० भाग नऊचे, गुणाकार कर. १३.३ अधिक २.७, झाले १६. वाढीच्या ऐन आठवड्यात मी १९ चं खाद्य १६ चं करून घातलं. आणि नुसतं प्रोटीन नाही, लायसिन, मिथिओनिन (हे प्रोटीनचे घटक), मीठ, व्हिटॅमिन, मिनरल, सगळंच पातळ. तात्या म्हणाले ते खोटं नाही, फिनिशरमध्ये मका असतोच, पण तो सोयापेंड आणि बाकी सगळ्याचा मेळ बसवून घातलेला असतो, वरून अजून टाकायला नाही. ज्यांना घरचा मका वापरायचाय त्यांनी कॉन्सन्ट्रेट (मका सोडून बाकी सगळ्याचं तयार मिश्रण) आणून त्याच्या पोत्यावर लिहिलेल्या मापाने मिसळावा, तयार फिनिशरमध्ये नाही.

संध्याकाळपासून मका बंद. एकूण ७५ किलो गेला. स्टार्टरचं एक पोतं वर थोडं उरलं होतं, डॉक्टर म्हणाले ते फिनिशरमध्ये मिसळून दोन-तीन दिवसात संपव, चालेल.

तात्यांना मी फक्त एवढंच म्हणलं की तात्या, मका त्यांना पचत नाहीये. वाद कोण घालणार.

१६ मार्च, दिवस ३१

टोचाटोची थांबली. ऊन ३६. दुपारी पक्षी चोच उघडून धापा टाकतो, त्यात पोटात खाद्य असलं की पचवताना अजून तापतो. म्हणून सकाळी ११ ला फीडर वर उचलायचे आणि ४ ला खाली. ते खाणं पहाटे आणि रात्री भरून काढायचं, रात्री ११ पर्यंत लाईट आणि पहाटे ४ पासून परत.

पहिल्या दिवशी ह्याचा पण घोळ झाला. ४ ला फीडर खाली आले आणि पाचशे पक्षी एकदम धावले, एकमेकांच्या पाठीवर, ओरखडे आले, एक दबून मेला. १२ फीडर कमी पडतात. शेजारच्या गावातून ४ मागून आणले आणि आता सगळे एकदम नाही, शेडच्या एका टोकापासून हळूहळू खाली घेतो.

२० मार्च, दिवस ३५

वजन १८१०. आठवड्याची वाढ ५४५, दिवसाला ७८. बघा, मका काढला आणि गाडी रुळावर आली. पण पस्तिसाव्या दिवशी दोन किलोच्या पुढे पाहिजे तिथे मी १८१०. एकूण खाद्य १४७५, पक्षी ४९६, एफसीआर १.६४.

व्यापाऱ्याला फोन केला, म्हणाला दोन किलोच्या आत नको, धुळवडीला मोठा माल चालतो. तीन दिवस थांबायचं ठरलं, २३ ला पहाटे गाडी.

२३ मार्च, दिवस ३८

रात्री १० ला फीडर उचलले, पाणी चालू ठेवलं. गाडी ५ ला येणार होती. पोट भरलेला पक्षी गाडीत मरतो आणि व्यापारी पण काट्यावर किरकिर करतो, म्हणून सहा ते आठ तास उपाशी ठेवायचे. गाडी आली ८ ला! दहा तास झाले. तीन तासात वजन उतरलं असणारच, किती ते सांगता येणार नाही कारण मी ५ ला वजन घेतलं नव्हतं. पुढच्या वेळी गाडीची वेळ फोनवर पक्की करूनच फीडर उचलणार, मग भले भराई थोडी उशिरा झाली तरी चालेल.

४९४ पक्षी, सरासरी २.०५, एकूण १०१२ किलो. ७०० किलो व्यापाऱ्याला ९८ ने, बाकी ३१२ किलो आज आणि उद्या गावात १२० ने.

२७ मार्च, हिशोब

खाद्य: प्री-स्टार्टर २५० किलो, स्टार्टर ४५०, फिनिशर ९५०, मका ७५. एकूण १७२५. एफसीआर १.७०.

पैसे: पिल्लं १६,०००. खाद्य ६८,९२५. लस औषध २,८००. तूस, गॅस, लाईट ४,९००. एकूण ९२,६२५, किलोला साडेएक्याण्णव. आले १,०६,०४०. हातात १३,४१५, त्यात आमच्या दोघांची मजुरी धरलेली नाही, ती धरली तर बायको म्हणते की तिच्याच वाट्याला सगळे येतात.

मक्याचं बोलायचं तर ७५ किलोवर किलोमागे १७ रुपये, वाचले १,२७५. आणि तीन दिवस जास्त पाळायला लागले, त्या दिवसात २५० किलो खाद्य गेलं आणि वाढ झाली सव्वाशेच्या आत, म्हणजे एक किलोला दोन किलोच्या वर. मका घातला नसता तर हेच वजन ८० किलो कमी खाद्यात आलं असतं असा माझा अंदाज, म्हणजे ३,२०० गेले. आणि पहिल्या रात्रीच्या थर्मामीटरचे किती गेले ते मोजायची काही सोय नाही, ते मक्यापेक्षा जास्तच असतील असं मला वाटतं.

शेड रिकामं केलंय, तूस अंजिराच्या बागेवाल्याने नेला. पुढची पिल्लं १० एप्रिलनंतर सांगितलीयेत, ऊन अजून वाढेल तेव्हा फीडर १६ करूनच घेणार. थर्मामीटरला जमिनीपासून दोन इंचावर खिळा ठोकलाय. मका अजून सव्वापाच क्विंटल कोपऱ्यात आहे, बायकोच्या चार गावठी कोंबड्या खातात, त्यांना काही होत नाही, आणि तात्या येता जाता मला तेच दाखवतात.